छोटे कॉलेज पारखताना

बारावीचा निकाल लागला की काही घरांत नवीच चर्चा सुरू होते. मुलगी म्हणते, मला पर्यावरण शिकायचे आहे आणि तेही परदेशातल्या छोट्या कॉलेजात. माहितीपत्रकात जंगल असते, समुद्र असतो, हसरी मुले असतात. फीचा आकडा पाहिला की वडील चष्मा काढून ठेवतात. अशा कॉलेजची पारख कशी करावी, याविषयी आज बोलू या.

अमेरिकेतल्या मेन राज्यात समुद्रकाठी कॉलेज ऑफ द अटलांटिक आहे. त्याची स्थापना १९६९ची. १९७२ साली वर्ग सुरू झाले, तेव्हा विद्यार्थी होते बत्तीस. आजही ते साडेतीनशेच्या आसपासच आहेत. तिथे पदवी एकच मिळते. विषय मानवी परिस्थितिकी, म्हणजे माणूस आणि त्याचा भोवताल यांच्या नात्याचा अभ्यास. आणि पदवी बी.ए.ची!

पर्यावरणात बी.ए. करून काय होणार, असे कुणी विचारले तर मी रागावणार नाही. मीही बी.ए.च आहे, हा प्रश्न जन्मभर ऐकतो आहे. नदी कशाने सडली हे रसायनशास्त्र सांगते, पण ती कुणी सडू दिली हे कळायला कायदा आणि इतिहास लागतो. म्हणून पहिला प्रश्न हा, की कॉलेजात दोन्ही बाजू नेटाने शिकवतात का? मुलीला सांडपाण्याची यंत्रणा उभारायची असेल, तर सरळ अभियांत्रिकीकडे जावे.

दुसरा प्रश्न, मुले प्रत्यक्ष काय करतात? या कॉलेजचे देवमाशांवरचे संशोधन १९७२ पासून चालू आहे. कुबड्या देवमाशाच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते. छायाचित्रांवरून एकेक मासा ओळखून त्याची नोंद ठेवली जाते. हे काम दशकानुदशके चालते आणि विद्यार्थी त्यात हात घालतात. अशा कामाचे मोल माहितीपत्रकातल्या छायाचित्राहून जास्त.

तिसरा प्रश्न विचारायला आपण लाजतो. तो पैशाचा. व्हरमाँट राज्यातले ग्रीन माउंटन कॉलेज १८३४चे. पर्यावरणासाठी नावाजलेले. २०१० साली सिएरा मासिकाने हरित कॉलेजांच्या यादीत त्याला पहिला क्रमांक दिला होता. तेच कॉलेज पैशाअभावी बंद होत असल्याचे जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाले आणि त्या वसंतातले सत्र शेवटचे ठरले. अर्ध्या वाटेवरच्या मुलांना दुसरे कॉलेज शोधावे लागले. तेव्हा कायम ठेव किती आहे, प्रवेशसंख्या घटते आहे का, कॉलेज बंद पडल्यास मुलांची सोय काय, हे सगळे लेखी विचारावे. यात उद्धटपणा नाही. आयुष्यभराची पुंजी पणाला लागलेली असते.

एक वाट आपल्या जवळून जाते. मुळशी तालुक्यातल्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजसारख्या संस्थांतून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी २००० साली डेव्हिस शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या पाच कॉलेजांत हे मेनमधले कॉलेज होते. गरजेनुसार मदत मिळते, पण कितीची मिळते आणि किती वर्षे, हे आधी पक्के करावे.

क्रमांकाच्या याद्या दरवर्षी नव्याने निघतात. मुलीची चार वर्षे मात्र पुन्हा मिळत नाहीत. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि हे तीन प्रश्न तिलाच विचारायला लावा. उत्तरे टाळणाऱ्या कॉलेजची फी भरू नका.