कागदापलीकडचे गाव



आम्ही सरकारी नोकर. कागदाचे सामर्थ्य जन्मभर पाहत आलो. एका नोंदीने अरण्य कसे जाते, हे गडचिरोलीच्या गोंड बांधवांनी अनुभवले. १८७८ च्या वनकायद्याने देशातील अरण्यांवर सरकारची मालकी दृढ झाली. स्वातंत्र्यानंतर जमीनदाऱ्या संपल्या. परंतु रान गावाकडे न येता वनखात्याकडे गेले आणि त्यातील बांबू कागदगिरणीला भाडेपट्ट्याने मिळाला. अमेरिकेतही १८८९ च्या नेल्सन कायद्यानंतर मिनेसोटातील अनिशिनाबे लोकांची पाइनची वने अशीच लाकूड-व्यापाऱ्यांच्या हाती पडली.

तथापि धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने हार मानली नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर त्यास सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना मिळेना. तो २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा कोठे गावाला आपला बांबू स्वतः विकता आला.

राजाजीनगरात आपण महाराष्ट्राचे म्हणून एकत्र येतो. गोंडी बोलणारे ते गावही त्याच महाराष्ट्राचे आहे. आपल्यापैकी जे कचेरीत बसतात, त्यांनी सही करण्यापूर्वी कागदापलीकडचे गाव एकदा डोळ्यांपुढे आणावे, एवढीच आमची विनंती.