विद्यापीठ मागताना काय मागायचे?

(धाराशिव जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



धाराशिवला स्वतंत्र विद्यापीठ हवे, या मागणीवर मी बोलावे असे आपल्या संयोजकांनी सांगितले. ठरावाचा मसुदाही त्यांनी माझ्या हाती ठेवला. विद्यापीठ झालेच पाहिजे, त्यासाठी जमीन आणि निधी मिळालाच पाहिजे, नाही तर आंदोलन करू, एवढाच त्याचा आशय. मागणीशी माझे भांडण नाही. परंतु त्या विद्यापीठात निर्णय कोणी करायचे, कोणते विषय शिकवायचे आणि शिकवणाऱ्यांना पगार कोणी द्यायचा, याविषयी मसुद्यात एक अक्षर नाही. मोर्चा काढण्यापूर्वी या तीन गोष्टी आपण आपसांत बोलून घेतल्या पाहिजेत, नाही तर विद्यापीठ मिळेल आणि ते आपले नसेल.

थोडा मागचा इतिहास पाहू. मराठवाड्यातील महाविद्यालये 1958 पर्यंत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. उस्मानिया 1918 साली सुरू झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे धाडस त्या विद्यापीठाने केले, हे मोठेपणाने मान्य केले पाहिजे. त्यासाठी हैदराबादेत भाषांतराचे एक स्वतंत्र खातेच उघडले गेले आणि गणितापासून वैद्यकापर्यंतचे ग्रंथ उर्दूत आले. पण भाषा कोणती असावी हे राजाने ठरविले. मराठी, तेलुगु, कन्नड मुलखातल्या शेतकऱ्याच्या मुलाला कोणी विचारले नाही. पुढे 1938 साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला, पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. आपल्याच जिल्ह्यातील हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ शिकवीत होते ते याच राजवटीत. ती शाळा सरकारी कृपेवर उभी नव्हती, गावकऱ्यांच्या बळावर उभी होती.

मग न्यायमूर्ती पळणिटकर यांच्या समितीचा अहवाल आला आणि 23 ऑगस्ट 1958 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू सुंदरराव डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेले गृहस्थ. नवे विद्यापीठ उभारायचे म्हणजे प्रथम नियम, मंडळे आणि परीक्षा यांची घडी बसवायची, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि आपला उस्मानाबाद अशी पाच जिल्ह्यांची ती हद्द होती. मी त्या विद्यापीठाचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी. नामांतराच्या वादाने मराठवाडा पेटलेला होता, त्या वर्षांत मी तिथे शिकत होतो. विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी नामांतराचा ठराव केला, त्यानंतर दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली, माणसे मारली गेली. आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. समाजवादी चळवळीतही तेव्हा दुफळी होती, हे आपण लपवू नये. विद्यापीठ कोणाचे, हा प्रश्न आमच्या पिढीला त्या सोळा वर्षांनी शिकविला.

त्याच 1994 साली 17 सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने वेगळे विद्यापीठ झाले. 1982 साली आपल्यातून निघालेला लातूर जिल्हा नांदेडकडे गेला, आपण औरंगाबादकडे राहिलो. नकाशा काढून पाहा. उमरग्याच्या विद्यार्थ्याला लातूर आणि सोलापूर ही दोन्ही शहरे जवळची. त्याचे विद्यापीठ मात्र तीनशे किलोमीटरहून दूर. सोलापूरला तर 2004 साली एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ मिळाले. तोवर तिथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आपल्या वाट्याला उपकेंद्र आले.

अंतराचा अर्थ आकड्यांत सांगतो, कारण मी अर्थशास्त्राचा मास्तर आहे. मी तीन विद्यापीठांच्या हद्दींत नोकरी केली. त्यातल्या एकाच्या हद्दीतली ही गोष्ट. माझ्या एका विद्यार्थिनीच्या गुणपत्रिकेत अंतर्गत गुण चढलेच नाहीत आणि ती नापास दाखविली गेली. दुरुस्तीसाठी ती वडिलांबरोबर तीनदा एसटीने विद्यापीठात गेली. पहिल्या खेपेला संबंधित कारकून रजेवर, दुसऱ्या खेपेला महाविद्यालयाचे पत्र हवे, तिसऱ्या खेपेला काम झाले. दोघांचे भाडे तीनदा, एक मुक्काम, आणि वडिलांचे पाच दिवसांचे खाडे. त्या गुणपत्रिकेची खरी फी त्या घराने एवढी भरली. विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात तिची नोंद कुठेही नाही. म्हणून विद्यापीठ जवळ असावे, ही मागणी मला भावनेची वाटत नाही.

आता अप्रिय भागाकडे येतो. आपल्याकडची बहुतेक विद्यापीठे दोन वस्तू विकून जगतात : महाविद्यालयांना संलग्नता आणि विद्यार्थ्यांना परीक्षा. मंजूर पदांचे वेतन शासन देते, पण पदे मंजूर करायची नाहीत, मंजूर केलेली भरायची नाहीत, आणि तासिका तत्त्वावर माणसे राबवायची, ही गेल्या कित्येक वर्षांची रीत आहे. हद्द लहान झाली म्हणून कुलगुरू, कुलसचिव, परीक्षा विभाग, संगणक यांचा खर्च त्या प्रमाणात घटत नाही. विद्यार्थी मात्र घटतात. म्हणजे दर विद्यार्थ्यामागे बोजा वाढतो. केंद्राकडे धावावे तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यातील 12(ब) कलमाखाली मान्यता मिळेपर्यंत तिथले दारही उघडत नाही. मग नव्या विद्यापीठापुढे मार्ग तीनच उरतात. परीक्षा शुल्क वाढवा, विनाअनुदानित अभ्यासक्रम काढा, किंवा शिक्षकांशिवाय विभाग चालवा. पुष्कळदा तिन्ही एकदम होते. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले, तेव्हा आपण त्याला शिक्षणाचा बाजार म्हटले. तो बाजार आता सरकारी विद्यापीठाच्या आवारात ‘स्वयंअर्थसहाय्यित’ या सभ्य नावाने भरतो. पत नसलेला जिल्हा विद्यापीठ मागतो आणि त्याच्याच पोरांकडून त्याची किंमत वसूल होते. 2018 साली नीती आयोगाने देशातील मागासलेल्या, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘आकांक्षित’ जिल्ह्यांची यादी केली, तीत आपला जिल्हा होता हे विसरू नका.

दुसरे भय याहून मोठे आहे. 2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा काढून पाहा. कुलपती म्हणजे राज्यपाल. त्यांच्याखाली कुलगुरू, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यास मंडळे. अधिसभेला अंदाजपत्रकाची प्रमुख सत्ता म्हटले आहे, पण ती भरते वर्षातून दोनदा. तिच्यात निवडून जाणारे दहा प्राचार्य, दहा महाविद्यालयीन शिक्षक, सहा संस्थाचालक, दहा नोंदणीकृत पदवीधर. बाकीच्यांत पदसिद्ध आणि नेमलेल्यांचा भरणा. चार जिल्ह्यांच्या विद्यापीठात एका संस्थाचालकाला दुसरा कोणी तरी अडवतो. एका जिल्ह्यात मोठ्या संस्था किती असतात? बोटांवर मोजा. प्राचार्य त्यांचे, शिक्षक त्यांच्या पगारपत्रकावर, पदवीधरांच्या नोंदणीचे अर्ज त्यांच्याच कार्यालयांतून भरले जाणार. साखर कारखाना, जिल्हा बँक आणि शिक्षणसंस्था ही तिन्ही ज्या हातांत आहेत, त्याच हातांत विद्यापीठ गेले तर औरंगाबादचे अंतर परवडले असे म्हणण्याची पाळी येईल. शिवाय नव्या विद्यापीठाच्या आरंभी मंडळे निवडलेली नसतात, नेमलेली असतात. आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत जे पायंडे पडतात, ते पुढे पन्नास वर्षे निघत नाहीत.

हे ऐकून काही साथी अस्वस्थ झालेले दिसतात. मी विद्यापीठाच्या विरुद्ध नाही. कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक नाव आणि त्यासमोर एका जिल्ह्याचे नाव, एवढ्यावर समाधान मानण्याच्या मी विरुद्ध आहे. स्वतंत्र कायदा मागता येतो. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाला स्वतंत्र कायदा आहे, रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठाला 2023 साली झाला. मग धाराशिवसाठी असा कायदा का मागू नये, की ज्यात एका संस्थेच्या माणसांना अधिसभेत ठरावीक जागांहून अधिक जागा घेता येणार नाहीत, ज्यात ग्रामसभांचे, शेतमजूर आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांचे प्रतिनिधी असतील, आणि ज्यात विद्यार्थी प्रत्यक्ष मतदानाने निवडलेले असतील? 1994 च्या कायद्याने बंद झालेल्या खुल्या विद्यार्थी निवडणुकांना 2016 च्या कायद्याने पुन्हा जागा दिली. नंतर वर्षामागून वर्षे त्या पुढे ढकलल्या गेल्या. कायद्यात लिहिलेलेही झगडल्याशिवाय मिळत नाही, तर न लिहिलेले काय मिळणार?

नियम ही रुक्ष गोष्ट आहे, असे कार्यकर्त्यांना वाटते. एकच नियम घ्या : पंचाहत्तर टक्के हजेरीचा. भूम, परंडा, वाशी, कळंब या तालुक्यांतून दसऱ्या-दिवाळीनंतर टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. जोडप्याला कोयता मिळतो, घरी म्हातारी आणि जनावरे. मोठ्या मुलाला एक तर बरोबर जावे लागते, नाही तर घर सांभाळावे लागते. विद्यापीठाचे हिवाळी सत्र नेमके त्याच महिन्यांत चालते. वर्गात हजेरी घेताना ‘गैरहजर’ असे मी ज्यांच्यापुढे लिहिले, त्यांतले कितीजण फडावर होते याचा हिशेब मी कधी ठेवला नाही. आज त्याची मला लाज वाटते. शैक्षणिक वर्ष जूनमध्येच सुरू व्हावे असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. या जिल्ह्यासाठी बनलेले विद्यापीठ हंगामी स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी वेगळे सत्र ठेवू शकेल, कारखान्याच्या तळावर अभ्यासकेंद्र काढू शकेल. त्यासाठी विद्या परिषदेत हा प्रश्न माहीत असणारा माणूस बसलेला हवा.

अभ्यासक्रमाचेही तेच. मी वर्षानुवर्षे मागणीचा नियम शिकविला तो चहा आणि कॉफीच्या उदाहरणांनी, कारण पुस्तकात तीच होती. एकदा एका मुलाला मी आठवडी बाजारातील शेळ्यांच्या भावावर टिपण लिहायला सांगितले. त्याच्या आईकडे चार शेळ्या होत्या. सणापूर्वी भाव का चढतो, चारा संपला की गरीब माणूस पडत्या भावात का विकतो, जुळी देणारी शेळी विकायची नाही असे आई का म्हणते, हे त्याने सहा पानांत लिहिले. लवचिकता, साठा, भांडवल या साऱ्या कल्पना त्या सहा पानांत होत्या. आपल्या दारातली काळी शेळी ‘उस्मानाबादी’ नावाने पशुविज्ञानाच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. तेर हे सातवाहनकाळातले तगर, तिथला माल भडोचच्या बंदरातून रोमन जगापर्यंत जात होता. कोरडवाहू शेती, खव्याच्या भट्ट्या, नळदुर्गचे पाणी अडविण्याचे जुने तंत्र, 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर सास्तूर-लोहाऱ्याच्या पट्ट्यात झालेले पुनर्वसन, हे सगळे पदव्युत्तर अभ्यासाचे विषय आहेत. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1986 साली ग्रामीण केंद्र काढले, ते अशा अभ्यासाची इथे जागा आहे म्हणूनच. आपली विद्यापीठे मात्र कुठे तरी आधी चाललेला अभ्यासक्रम उचलतात आणि मुखपृष्ठ बदलतात. नव्या शैक्षणिक धोरणाने ‘स्थानिक ज्ञान’ हा शब्द आणला आहे. शब्द आल्याने प्राध्यापकाचे पद येत नाही.

तेव्हा ठरावात माझी दुरुस्ती अशी. जमिनीच्या एकरांपूर्वी शिक्षकांच्या पदांची संख्या लिहा, आणि ती पदे कायम स्वरूपाची व शासनाच्या वेतनावरची असतील असे लिहा. पहिली दहा वर्षे परीक्षा शुल्कावर विद्यापीठ चालणार नाही, अशी हमी अर्थसंकल्पातून मागा. स्वतंत्र कायद्याचा मसुदा सरकारने करण्यापूर्वी आपण करू. त्या कामाला मी बसायला तयार आहे. आणि हे होईपर्यंत उपकेंद्राला गुणपत्रिका दुरुस्त करण्याचा, पदवी प्रमाणपत्र देण्याचा आणि विद्यार्थ्याची तक्रार निकालात काढण्याचा अधिकार ताबडतोब द्यावा. त्याला नवा कायदा लागत नाही, कुलगुरूंची इच्छा आणि चार कारकून लागतात.

एक काम तर उद्यापासूनचे आहे. अधिसभेची मुदत पाच वर्षांची असते आणि पदवीधरांच्या दहा जागांसाठी मतदान नोंदणी केलेल्यांनाच करता येते. या खोलीत साठ-सत्तर माणसे आहेत, त्यांतले निम्मे तरी पदवीधर असतील. मघाशी चहाच्या वेळी मी विचारत फिरलो. नोंदणी केलेले चारजण निघाले, आणि त्यांतल्या दोघांचे अर्ज त्यांच्या संस्थेच्या कार्यालयाने परस्पर भरलेले होते.