गोरखा जिल्ह्यातले शनिवार

२०१५ च्या भूकंपात नेपाळच्या गोरखा जिल्ह्यात घरंच्या घरं पडली. पुढे बांधकाम सुरू झालं तेव्हा आम्ही तिघे डिप्लोमावाले रजा टाकून स्वयंसेवक म्हणून तिथे गेलो. पाट्या देवनागरीत, म्हणून फार परकं वाटलं नाही. घड्याळ तेवढं पंधरा मिनिटं पुढे केलं. दोन्ही वेळा डाळभात, कधी ढिंडो. तिथला ‘कोदो’ म्हणजे आपला कोदरा नव्हे बरं का, नाचणी!

आठवड्याची सुट्टी शनिवारी. त्या दिवशी पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांतून वर चढायचं, पिंपळाच्या चौताऱ्यावर टेकायचं. तिथेच पन्नास किलोची सिमेंटची गोणी कपाळाच्या पट्ट्यावर पेलून चढणारी माणसं भेटली. वरच्या वाड्यांना सिमेंट का परवडत नाही, ते कागदावर कळत नाही. दगडमाती मात्र तिथलीच. भिंतीत लाकडी पट्ट्या नीट बसवल्या की घर नियमात बसतं. अनुदान तीन लाख नेपाळी रुपये होतं, पण पाया तपासून पास झाल्याशिवाय दुसरा हप्ता मिळत नसे.

दोन पावसाळे पत्र्याखाली काढलेल्या एका आजींनी विचारलं, “दगडानंच मारलं, परत दगडच?” आम्ही कोपऱ्यातला पट्टीचा सांधा दाखवला. त्यांनी तो दोनदा हलवून पाहिला आणि मिस्त्रीला म्हणाल्या, “असाच कर.”