नदीची कागदपत्रे

नदीला फेस आला की आपण नाक दाबतो आणि सरकारला शिव्या घालतो. पण नदीची कागदपत्रे त्या सरकारकडेच असतात आणि ती पाहण्याचा हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे. १९७४च्या जलप्रदूषण कायद्यानुसार कारखान्यांना दिलेल्या संमतीची, तिच्यातील अटींची नोंदवही प्रदूषण नियंत्रण मंडळाला ठेवावी लागते. सांडपाण्याची झळ पोचलेला माणूस ती पाहू शकतो. महापालिका आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची सूचना २००६च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवस आधी निघते. अहवालाचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत वाचायला मिळतो.

एवढे करूनही कागद हाती आला नाही, तर २००५चा माहिती अधिकार कायदा आहे. अर्जाला १० रुपये, उत्तराला ३० दिवस. नकलांचे पैसे वेगळे. मात्र अर्जात ‘नदी का मेली?’ असे विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. ‘अमुक कारखान्याच्या सांडपाण्याचे गेल्या वर्षीचे तपासणी अहवाल द्यावेत’ असे लिहा. शोक कवितेत करावा. अर्जात कागद मागावा.