रात्री दीडचा मेसेज

आज एका कबुलीने सुरुवात करतो. मागच्या महिन्यात रात्री दीड वाजता मी दादाला लांबलचक मेसेज पाठवला. घरच्या पैशांवरून. सकाळी वाचला आणि पोटात गोळा आला. डिलीट करायला गेलो, तर ब्लू टिक आलेली.

राग खरा होता. पण तो दिवसभर होताच की! मग दिवसा का नाही पाठवला?

तर बघा, आपल्या कपाळामागे मेंदूचा एक भाग असतो, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. ‘थांब, विचार कर’ म्हणणारा ब्रेक. जागरणाने हा ब्रेक ढिला पडतो, भावना मात्र उसळत राहतात. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी हात-डोळ्यांचा मेळ तपासला. सलग १७ तास जागं राहिल्यावर तो इतका घसरला, जणू १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल आहे. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ३० आहे! सकाळी सातला उठलात, तर रात्री बारालाच १७ तास भरतात.

आणि ‘फोन ठेव, झोप’ हे सांगणाराही तोच ब्रेक. म्हणूनच दमल्यावर फोन ठेवणं जास्त जड जातं.

आता मी एवढंच करतो. रात्रीचा मेसेज नोट्समध्ये लिहितो आणि सकाळी चहा झाल्यावर वाचतो. बहुतेक वेळा तो पाठवावासाच वाटत नाही.

आणि दादा? त्याला फोन केला. दिवसा. पैशांचं अजून मिटलेलं नाही, पण बोलतोय आम्ही.

चला, झोपा आता!