एकट्याचे पान



पत्नीच्या निधनानंतर माझी भूक प्रथम गेली, झोप मागाहून. एकट्यापुरती चूल कशाला पेटवावी, असे म्हणून मी रात्री चहावर भागवू लागलो आणि पहाटेपर्यंत आढ्याकडे पाहत पडून राहू लागलो. चहातील कॅफिनपैकी निम्मे सुमारे ५ तासांनंतरही शरीरात उरते, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा माझ्या अज्ञानाची मला लाज वाटली.

झोपेचे औषध त्यांनी दिले नाही. दुपारनंतर चहा वर्ज्य, सकाळी उजेडात फिरणे, आणि २० मिनिटांत झोप न आल्यास अंथरूण सोडून दुसऱ्या खोलीत बसणे, एवढेच पथ्य. यातले शेवटचे मला फार जड गेले; त्या खोलीत तिची खुर्ची होती.

भुकेला मात्र पथ्य पुरेना. शेजारी एक विद्यार्थी राहत असे, खानावळीस कंटाळलेला. त्याला मी रात्रीच्या पेजेस बोलावले. दुसऱ्याला वाढावयाचे म्हणून अन्न वेळेवर शिजू लागले, आणि वाढता वाढता माझ्याही पोटात चार घास जाऊ लागले. (पेज पहिल्या दिवशी करपली होती; त्याने मुकाट्याने खाल्ली.)

दोन आठवडे अन्नावरची वासना उडाली, वजन उतरू लागले, तर मात्र असल्या उपायांवर विसंबू नये. तो केवळ शोक नसून आजारही असू शकतो; डॉक्टरांस दाखवावे.

मला अजूनही काही रात्री जाग येते. तो मुलगा आता बडोद्यास नोकरीला आहे. त्याच्या पाटावर सध्या दुसरा बसतो.