आठवा सर्व्हर

रेल्वेचे तिकीट काढणे असो की विजेचे बिल भरणे असो, आज हे व्यवहार घरबसल्या वेबवर होतात. त्यामागची आज्ञावली कोठेतरी सर्व्हरवर ठेवलेली असते आणि ती वारंवार बदलावी लागते. आज्ञावली लिहून झाली की काम संपले, असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक, ती सर्व्हरवर चढविण्याचे जोखमीचे काम तेथूनच सुरू होते. त्यात कसूर झाली तर काय ओढवते, याचा दाखला २०१२ साली न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात मिळाला. तेथील आज्ञावलीचे काम निराळे. परंतु ती चढविण्याची रीत आणि तिच्यातील धोका एकच.

नाइट कॅपिटल ही तेथील मोठी दलाली पेढी. तिची आज्ञावली आठ सर्व्हरांवर चालत असे. २७ जुलैपासून तंत्रज्ञ नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने चढवीत होते. सात सर्व्हरांवर ती चढली; आठव्यावर चढवावयाची राहून गेली, आणि ते काम दुसऱ्या कोणी तपासले नाही. आठव्यावर वापरातून गेलेला एक जुना भाग पडून होता, आणि नव्या आवृत्तीने नेमकी त्याचीच खूण नव्या कामासाठी घेतली होती. १ ऑगस्टला सकाळी ९.३० वाजता बाजार उघडताच तो भाग जागा झाला. अवघ्या २१२ मागण्यांपोटी ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले. पेढीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक खोट आली. गोंधळात उरलेल्या सात सर्व्हरांवरील नवी आवृत्ती काढून टाकण्यात आली, तेव्हा तोच दोष तेथेही पसरला. २०१३ साली ही पेढी गेटको कंपनीशी विलीन झाली.

हे आठ सर्व्हरांचे झाले. आता एकाच यंत्राचे अनेक भाग पाडून प्रत्येकाला स्वतंत्र संगणकाचे रूप देतात; तेच आभासी सर्व्हर. अ‍ॅमेझॉनने २००६ साली ते तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला. आठाचे ऐंशी होण्यास काही मिनिटे पुरतात. मग ऐंशी ठिकाणी कोणाच्या स्मरणशक्तीवर विसंबावयाचे?

यावर निरनिराळी साधने निघाली. कॅपिस्ट्रानो प्रत्येक आवृत्ती वेगळ्या फोल्डरात ठेवते आणि एक दुवा चालू आवृत्तीकडे वळविते. बिघाड झाल्यास दुवा मागे फिरविला की जुनी आवृत्ती पूर्ववत सुरू होते. अ‍ॅन्सिबलसाठी प्रत्येक सर्व्हरवर काय असावे हे एका फाइलीत लिहितात; ते साधन प्रत्येक सर्व्हर त्याच्याशी ताडून उणे असेल तेवढे भरून काढते. २०१३ साली आलेल्या डॉकरमध्ये आज्ञावली आणि तिला लागणारे साहित्य एकाच पेटीत बंद होते. जी पेटी तपासली, तीच सर्व्हरवर जाते.

तथापि चुकीची सूचनाही साधन तितक्याच तत्परतेने सर्वत्र पोहोचविते. म्हणून नवी आवृत्ती प्रथम एकाच सर्व्हरवर चढवून पाहावी आणि मगच इतरांवर न्यावी. डेटाबेसची रचना बदलली असेल, तर नुसता दुवा फिरवून मागे येता येत नाही; परतीची वाट आधीच आखून तिची तालीम केलेली असावी. शिवाय यंत्र काय सांगते, इकडे कोणाचे तरी लक्ष हवे. त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वीच नाइटच्या यंत्रणेने दोषाचा उल्लेख असलेली ९७ ई-पत्रे कर्मचाऱ्यांना धाडली होती. धोक्याची सूचना म्हणून ती पाहण्याची रीतच तेथे नव्हती.